जुन्या बुलेटच्या कार्ब्युरेटरविरुद्धची फिर्याद

पॉइंटवर चालणारी जुनी बुलेट ३५० अडखळू लागली की कार्ब्युरेटरवर आरोप ठेवण्याचा आपल्याकडे रिवाजच पडून गेला आहे. वस्तुतः पॉइंटमधील अंतर, कंडेन्सर आणि प्लगची ठिणगी यांची तपासणी होण्यापूर्वी त्याच्या स्क्रूला हात लावणे हा निव्वळ अन्याय होय.

ती निर्दोष ठरल्यास बिघाड मुठीच्या कोणत्या स्थितीत प्रकट होतो हे पाहावे, कारण मिककार्बसारख्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये आयडलिंगवर पायलट जेट व एअर स्क्रू यांचा, पाव ते पाऊण मुठीपर्यंत निडलचा व तिच्या क्लिपच्या खाचेचा, आणि मूठ पूर्ण पिळल्यावर मेन जेटचा अंमल चालतो. हद्दी अर्थात एकमेकींत थोड्या मिसळलेल्या असतात.

इंजिन तापल्यानंतरही चोक ओढताच गाडी सुधारत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे असे समजावे. मग जेट तुंबले आहे, की कार्ब्युरेटर आणि हेड यांमधल्या गॅस्केटातून चोरटी हवा शिरते आहे, एवढाच निवाडा उरतो. आयडलिंग आपोआप चढत-उतरत असल्यास माझा कौल हवेकडे. उलट, प्लगवर कोरडी काजळी साचली असेल तर पेट्रोल अधिक; आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब गळत असतील, तर फ्लोट काढून कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका, नाहीतर फ्लोटच्या निडलचे टोक झिजलेले किंवा तिच्या बैठकीत कचरा अडकलेला.

जेटच्या छिद्रात तार खुपसण्याचा गॅरेजमधला लाडका उपाय तेवढा करू नये: पितळ मऊ, छिद्र मोठे होते आणि जेटवरचा क्रमांक खोटा ठरतो. क्लीनरचा फवारा व हवेचा झोत पुरतो.