तोंडी नकाराविरुद्ध दाद कुठे मागायची?

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या शेंडी, मुरशेत, रतनवाडी, साम्रद या गावांतल्या दिव्यांग मुलांच्या आईबापांना ‘याला इथे जमायचं नाही, नगरच्या नाहीतर नाशिकच्या विशेष शाळेत घाला’ असं कुणी सांगितलं, तर त्यांना दाद मागता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 31 नुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं, आणि निवड त्याची असते. कलम 16 मध्ये ने-आणीची सोयही आली आहे. तरी अशी कुटुंबं न्यायालयापर्यंत क्वचितच पोचतात, आणि याचं मुख्य कारण मला गरिबी वाटत नाही. दिव्यांग, बालक आणि अनुसूचित जमातीचा, या तिन्ही नात्यांनी अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी मुलाला 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. घोडं अडतं ते त्याच्याही आधी. नकार तोंडी असतो. ‘बघू’, ‘सोय नाही’, ‘शिक्षकच नाहीत’. कागदावर काहीच नसेल, तर आव्हान द्यायचं कशाला?

अमेरिकेत 1975 च्या कायद्यानं प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा शिक्षण आराखडा लेखी करावा लागतो आणि पालकांना त्यावर सुनावणी मागता येते. कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या पालकांनी असा आराखडा नाकारला, मुलाला खासगी शाळेत घातलं आणि फी परत मागितली. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. ते लढू शकले, कारण हातात कागद होता. आपल्याकडे, नगर जिल्ह्यातल्या ‘अनामप्रेम’ संस्थेनं 2020 मध्ये, ऑनलाइन शाळेत दिव्यांग मुलं मागे पडत असताना, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ते काम मोलाचंच आहे. पण एक मूल उद्या कुठल्या वर्गात बसेल, हे जनहित याचिकेतून ठरत नाही. त्यासाठी त्या मुलापुरता लेखी निर्णय हवा.

शिक्षकच नसतील तर कागद घेऊन काय करायचं, असं कुणी विचारेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकला 10 आणि उच्च प्राथमिकला 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. महाराष्ट्रानं 2024 मध्ये केंद्रस्तरावर 4,860 पदं मंजूर केली. म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एक शिक्षक. तुटवडा खराच आहे, पण म्हणूनच कागद हवा. विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येणार, ब्रेल पुस्तकं केव्हा मिळणार, स्वच्छतागृहापर्यंत कोण नेणार, धो धो पावसात रतनवाडीहून मुलाला कोण आणणार, हे त्यावर लिहिलं की तुटवडा कुणाच्या तरी जबाबदारीचा होतो. कर्णबधिर मुलाला खाणाखुणांची भाषा येणारे सवंगडी विशेष शाळेतच भेटतात, हा आक्षेपही मला मान्य आहे. पालकांनी ती शाळा खुशाल निवडावी. मात्र ती निवड त्यांची असावी, जवळचं दार बंद झाल्यामुळे गळ्यात पडलेली नसावी. मुख्याध्यापकांना भीती वाटते की लिहून दिलं तर आपणच अडकू. म्हणून सही गटशिक्षणाधिकाऱ्यांची असावी, कारणासह आणि ठरावीक मुदतीत. असा नियम होईपर्यंत पालकांनी प्रवेशाचा अर्ज लेखीच द्यावा, पोच घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्या अर्जाचं काय झालं ते विचारावं. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर घेऊन पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.