अकोटहून ग्रंथालय गाठताना

अकोटच्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाचे ग्रंथालय पाहायचे, तर अमरावतीपर्यंत एसटीचा प्रवास आणि पुरता दिवस द्यावा लागतो. १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत पाच जिल्हे येतात. म्हणजे बहुतेक विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाचे दार संकेतस्थळावरच उघडते, तेही मोबाईलवर.

मग चांगले संकेतस्थळ कसे ओळखावे? मी आधी शोधाची चौकट पाहतो. पुस्तक आहे का आणि ते सध्या कुणाकडे दिलेले आहे का, हे दोन-तीन टिचक्यांत कळायला हवे. ‘संत तुकाराम’ असे देवनागरीत टाइप करून पाहा. ग्रंथनोंदी केवळ रोमन लिपीत असतील, तर मराठी पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही. मराठी वाचकासाठी ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुने प्रबंध नुसते स्कॅन करून ठेवले असतील, तर त्यांच्या आतला मजकूरही शोधता येत नाही.

वेळापत्रक, सदस्यत्वाचे नियम, घरबसल्या ई-नियतकालिके वाचण्याची सोय, ‘शोधगंगा’ या प्रबंध-भांडाराचा दुवा आणि पान शेवटी कधी सुधारले ती तारीख, हेही तपासावे. मांडणीत अक्षर ठळक हवे आणि पान हलके. सरकत्या सूचना व मोठी छायाचित्रे कमकुवत नेटवर्कवर अडून बसतात. वाचकाचा वेळ वाचवा, हे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले होते.