सिकलसेल: पिवळं कार्ड म्हणजे आजार नव्हे, मग लग्नाआधी ते का पाहायचं?

पंचवटीतून दोन मोठे रस्ते आदिवासी पट्ट्याकडे जातात. एक पेठ रोड, दुसरा म्हसरूळवरून पुढे जाणारा दिंडोरी रोड. मार्केट यार्डातल्या हमालीसाठी, बांधकामावर, द्राक्षबागांच्या छाटणीसाठी पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवणकडची माणसं याच रस्त्यांनी येतात. त्यातल्या काहींचे हातपाय अधूनमधून असह्य ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, थोड्या कामानं दम लागतो. घरचे त्याला संधिवात म्हणतात, कधी कावीळ, कधी ‘अंगात रक्त कमी आहे’. काही जणांच्या बाबतीत या सगळ्यामागे एकच कारण असतं: सिकलसेल. हा आजार रक्ताचा आहे आणि तो आई-वडिलांकडून येतो. स्पर्शानं, उष्ट्या अन्नानं किंवा एकत्र राहिल्यानं तो होत नाही.

नेमकं बिघडतं काय?

तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. त्यातल्या बीटा साखळीत 146 दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एवढ्यानं काय होतं, तर ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार करतं आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही आणि कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते, ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते बाळाला वाचवतं. साधारण सहा महिन्यांनंतर त्रास दिसू लागतो. बाळाच्या हातापायांची बोटं दुखून सुजणं ही बऱ्याचदा पहिली खूण असते.

पिवळं कार्ड, लाल कार्ड

हा दोष असलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळालं तर मूल रुग्ण. एकाकडूनच मिळालं तर ते वाहक. महाराष्ट्राच्या आरोग्य यंत्रणेत वाहकाला पिवळं आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. सगळा घोळ या पिवळ्या कार्डावरून होतो.

वाहक माणूस एरवी निरोगी असतो. तो शेतात राबतो, खेळतो, त्याला सिकलसेलसाठी रोजचं औषध लागत नाही. उलट वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाचा जोर असलेल्या जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते त्यामुळेच. तरीही पिवळं कार्ड म्हणजे ‘आजारी’ असं समजून स्थळ मोडतं, बहुतेकदा मुलीचं. मग पुढच्या घरात कार्ड लपवलं जातं. खरी जोखीम या लपवण्यात आहे.

गणित असं. पिवळं आणि साधं रक्त असं जोडपं असेल तर एकही मूल सिकलसेलचा रुग्ण होणार नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता 50 टक्के. दोघेही पिवळे असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के. लाल आणि पिवळं असेल तर रुग्ण असण्याची शक्यता 50 टक्के. ‘चारातलं एक’ याचा अर्थ पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा नाही. नाणं दरवेळी नव्यानं उडवलं जातं. आणि मूल आजारी निघालं तर दोष एकट्या आईचा कधीच नसतो. दोन्ही बाजूंनी जनुक आल्याशिवाय हा आजार होतच नाही.

ब्लड ग्रुप जुळला, एवढं पुरेसं नाही का?

नाही. पंचवटीत पत्रिका जुळवून देणारे पावलोपावली भेटतील, आणि हल्ली पत्रिकेबरोबर ब्लड ग्रुपही विचारला जातो. पण ए, बी, ओ या गटांचा सिकलसेलशी काही संबंध नाही. नाडी एक आली म्हणजे रक्त जुळत नाही, या समजाला तर वैद्यकीय आधारच नाही. नेहमीच्या सीबीसी तपासणीतही वाहक निसटू शकतो.

आधी सोल्युबिलिटी ही साधी, स्वस्त चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत ठरतं. शहरातल्या वाचकांसाठी एचपीएलसी जास्त महत्त्वाची, कारण त्यात बीटा थॅलेसेमियाचा वाहकही सापडतो. एक जण सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. ‘आमच्यात हे नसतं’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की विदर्भात सिकलसेल आदिवासींबरोबर इतर अनेक समाजांतही आढळतो.

लाल कार्ड असेल तर?

हायड्रॉक्सीयुरिया या गोळीनं कळांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते. ती नियमित आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. जोडीला फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, न्यूमोकोकससह सर्व लसी. लहान मुलाला ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणून वाट पाहू नये. पांथरी नीट काम करत नसल्यानं जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक एक बाजू लुळी पडणं, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय.

पेठहून दर महिन्याला नाशिकला यायचं तर तिकिटाचा खर्चही मोठा असतो. सिकलसेल रुग्णांना एसटीच्या साध्या गाड्यांत मोफत प्रवासाची सवलत आहे, त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणात मात्र कायद्यानं रक्ताच्या आजारांना धरलेलं नाही. दुखण्यामुळे महिन्यातले अनेक दिवस घरी काढणाऱ्या तरुणांसाठी ही त्रुटी लहान नाही.

तपासणी कुठे, कधी?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहरात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते.

लग्न आधीच झालं असेल आणि दोघेही वाहक निघाले, तरी वाट बंद होत नाही. गर्भारपणाच्या 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाला आजार आहे का, हे तपासता येतं. ही सोय मोठ्या केंद्रांतच असते. त्यामुळे गरोदर बाईचा रिपोर्ट ‘वाहक’ आला तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. सातव्या महिन्यात नाव नोंदवलं, तर या तपासणीची वेळ निघून गेलेली असते.