वाचलेला अर्धा तास कोणाचा?

घरात नवी वस्तू आली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘केवढ्याला पडली? रोख की हप्त्याने?’ प्रश्न चुकीचा नाही. कष्टाच्या पैशाचा हिशेब ठेवलाच पाहिजे. पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा. या वस्तूने घरातील कोणाचे कष्ट कमी झाले आणि वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला गेला?

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. एक प्रेशर कुकर, एक पुस्तक आणि एक टी.व्ही. मालिका या तिघांनी मिळून तो शिकवला. मी काही समीक्षक नव्हे. कारखान्यात फिटर म्हणून माझी सारी नोकरी झाली. तेव्हा जे अनुभवले तेच मत म्हणून मांडतो.

कुकर

आमच्या घरी कुकर आला १९८९ साली, बोनसच्या पैशातून. तोवर स्टोव्हवर तूरडाळ शिजायला तास-तास लागे आणि रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभे राहावे लागे ते वेगळेच. पत्नी सुरुवातीला कुकरजवळ जाईना. ‘अहो, फुटला म्हणजे?’ हीच तिची भीती.

मी तिला समजावून सांगितले. उघड्या भांड्यात पाणी साधारण १०० अंशांवर उकळते. त्यापुढे कितीही जाळ वाढवला तरी पाणी जास्त तापत नाही, नुसती वाफ होऊन उडून जाते. झाकण घट्ट बसले की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. दाब ठरल्यापेक्षा वाढला की शिटी उचलली जाते व जादा वाफ बाहेर पडते. शिटीची वाट तुंबलीच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये असे वाफेचे भांडे तयार केले, तेव्हा यात जादू नाही, शास्त्र आहे.

कुकरविषयी माझे मत चांगले आहे. मात्र पथ्ये पाळावीत. डाळ-तांदूळ पाण्यासह अर्ध्या भांड्यापेक्षा जास्त भरू नयेत. शिटीचे भोक रोज उजेडात धरून पाहावे. रबर कडक झाले की बदलावे. दाब उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नये.

कुकरने रोज अर्धा तास तरी वाचू लागला. मी कौतुकाने चार जणांना सांगत असे, ‘आता मुलांच्या आईला आराम आहे.’ आराम कसला! डाळ लवकर होते म्हटल्यावर मी पाहुण्यांना बिनदिक्कत जेवायला थांबवू लागलो. वरणासोबत सुकी भाजी मागू लागलो. तिचा अर्धा तास मी कधी खाऊन टाकला, हे माझे मलाच कळले नाही.

पुस्तक

मुलगी कॉलेजला असताना तिने ग्रंथालयातून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ आणले. हे पुस्तक १९८६ साली निघाले. ती संध्याकाळी मोठ्याने वाचायची, मी ऐकायचो आणि तिची आई भाकरी थापता थापता ऐकायची.

खरे सांगतो, आरंभी मला पुस्तक रुचले नाही. आपल्याच वस्तीतील उपासमार, अंगात येणे, सुनांचा छळ हे सारे चव्हाट्यावर कशाला मांडायचे, असे वाटे. पण कोवळ्या वयाच्या सुनांना भल्या पहाटे उठवून कामाला जुंपत, पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घालत, हे वाचताना भाकरीचा आवाज थांबला. पत्नी म्हणाली, ‘वाच पुढं. आमची आजी हेच सांगायची.’ तेव्हा मी गप्प झालो.

बेबीताई फलटणला छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे वाचीत आणि गल्ल्यावर बसून लिहीत. नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी आपले लिखाण वर्षानुवर्षे लपवून ठेवले. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला आणि ते परदेशातही पोहोचले. बाहेरच्या गुलामीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईला स्वतःच्या घरात वही लपवावी लागते, हे आपण पुरुषांनी नीट समजून घ्यावे. पुस्तक एका सरळ ओळीत चालत नाही, कधी पुढे जाते, कधी मागे. पण आयाबायांची बोली आणि त्यांचे दुःख यात जसेच्या तसे आहे. प्रत्येक घरात असावे, असे माझे मत.

मालिका

२०१४ साली राज्यसभा टी.व्ही.वर श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका लागली. घटना समितीत कोण काय बोलले, वाद कसे झाले, हे तिच्यात दाखवले आहे. बाबासाहेबांची भूमिका सचिन खेडेकर यांनी केली. बोलणे फार आणि हिंदी जरा जड, त्यामुळे नातवंडे चुळबुळ करीत. पण चमत्कार नाहीत, उगाच रडारड नाही. माणसे विचार मांडतात, दुसऱ्याचे ऐकतात, खोडून काढतात. हे मुलांनी पाहावे.

आम्ही सारे टी.व्ही.समोर बसलो होतो. समता, मूलभूत हक्क अशी चर्चा रंगात आली होती. मुलगी माहेरी आली होती. तिने स्वयंपाकघराकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, ‘अण्णा, आपण समता बघतोय आणि आई आत चपात्या लाटतेय.’

आतून पत्नीचा आवाज आला, ‘असू दे गं, मला इथून ऐकू येतंय.’

एवढी वर्षे ती सगळे ऐकतच आली होती. पुस्तक ऐकले, मालिका ऐकली. समोर बसून पाहिले मात्र आम्हीच. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो इशारा मी सभांतून कितीदा ऐकला! पण माझ्या घरातली विसंगती दहा फुटांवर होती, ती दिसली नव्हती.

पुढच्या भागाच्या दिवशी डाळ-तांदूळ मी लावले. पाणी जास्त झाले, भात गिचका झाला. नातवंडे हसली. पत्नी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर बसून होती. मध्येच कुकरची शिटी झाली. सवयीने ती उठू लागली. मी म्हटले, ‘तू बस.’ ती बसली, पण जरा अवघडूनच. एवढ्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार?

म्हणून बंधूंनो, कुकर घ्या, मिक्सर घ्या, टी.व्ही. घ्या. पुस्तके तर घ्याच. पण वस्तू दारात येण्यापूर्वी एक गोष्ट घरात ठरवून टाका. शिटी झाली की कोणी उठायचे?