पालवीला पावसाची चाहूल लागते का?

चैत्रात जमीन तापलेली असते, विहिरींनी तळ गाठायला सुरुवात केलेली असते, आणि पावसाळा सरून पाच-सहा महिने लोटलेले असतात. नेमक्या अशा वेळी कुसुंब लालभडक पालवीने डवरतो, पिंपळाला तांबूस पाने फुटतात. झाडांना पाऊस आधी कळतो, असे जुनी माणसे सांगतात. बहावा फुलल्यापासून ४५ दिवसांनी पाऊस येतो, हा आडाखा तर खेडोपाडी ऐकू येतो.

ऐन उन्हाळ्यात पालवीला पाणी कोठून मिळते? पाने गळाली की बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते. मुळे मात्र खोल थरांतील ओलावा शोषत राहतात आणि खोडातला साठा हळूहळू भरून येतो. पालवी फुटायला तेवढे पुरते.

वेळेचे कोडे अधिक मनोरंजक आहे. मुंबईच्या अक्षांशावर दिनमान डिसेंबरात सुमारे ११ तासांचे, तर जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तासांचे असते. पानझडी जंगलांतील पुष्कळ वृक्षांना या वाढत्या दिनमानाने पालवी फुटते, असे आढळले आहे. उष्णता व ओलावा यांमुळे ती थोडी मागेपुढे होते, इतकेच. इकडे सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा आपला भूभाग तापतो आणि पुढे मोसमी वारे येतात. म्हणजे झाड आणि पाऊस दोघेही सूर्याच्याच घंटेवर निघालेले! पण एक मुलगा धावत शाळेत येतो, दुसरा रमतगमत. दुसरा आज केव्हा पोचेल, हे पहिल्याला कसे ठाऊक असणार?

आणि हा दुसरा फारच लहरी आहे. मोसमी पाऊस मुंबईत २०२३ साली २५ जूनला पोचला, तर २०२५ साली २६ मे रोजी. दिनमान दोन्ही वर्षी तेच होते. आडाख्यावर भिस्त ठेवून पेरणी केली आणि पाऊस लांबला, तर बियाणे मातीत जाते.

मग पावसाआधी पालवी फुटून झाडाचा फायदा काय? तमिळनाडूतील मुदुमलैच्या जंगलातील एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पावसाबरोबर किडी वाढतात. त्याआधीच पालवी आलेल्या झाडांची पाने कमी कुरतडली गेली होती.

४५ दिवसांचा आडाखा तुमच्या गावापुरता तपासता येईल. एकच बहावा निवडून दरवर्षी तारखा टिपा. मात्र ‘फुलला’ म्हणजे पहिला घोस की सारे झाड, आणि ‘पाऊस’ म्हणजे वळीव की मोसमी, हे आधीच वहीत लिहून ठेवा; नाहीतर आकडा हवा तसा जुळवता येतो.