शेवाळाच्या रानातली शीळ

आषाढातल्या एखाद्या पहाटे घोडेगाव मागे टाकून डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने आहुप्याकडे निघा. पाऊस झोडपत असतो आणि धुके इतके, की चार पावलांवरचा बैल दिसू नये. अशा वेळी ओढ्याच्या अंगाने कुणीतरी शीळ घालतो. सूर लागतो, भरकटतो, मध्येच तुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नव्या माणसाला वाटते, गुराखी पोर असावे. मलाही तसेच वाटले होते. मी "कोण आहे रे तिकडे?" म्हणून हाकसुद्धा मारली, आणि बरोबरची गावातली मुले पोट धरधरून हसली. शीळ घालणारे माणूस नव्हते, पाखरू होते, हे त्यांना ठाऊक होते. एम. ए. झालेल्या माणसाला नव्हते!

या पक्ष्याला शीळकरी कस्तूर म्हणतात. इंग्रजांनी त्याचे नाव 'शीळ घालणारा शाळकरी' असे ठेवले होते, आणि नाव ठेवणाऱ्याच्या कानाला दाद दिली पाहिजे. आकाराने साळुंकीएवढा, पण अंगाने भरलेला. दुरून काळा दिसतो. उन्हाची तिरीप पडली, की कपाळ आणि खांदे गर्द निळे चमकतात. पावसाळा हा त्याच्या विणीचा हंगाम. ओढे भरलेले, खेकडे, गोगलगाई, किडे यांची रेलचेल, म्हणजे पिलांच्या तोंडी घालायला काही कमी नाही. नर शीळ घालतो ती आपल्या करमणुकीसाठी नव्हे. ओढ्याचा हा तुकडा माझा, असे तो शेजाऱ्याला बजावीत असतो. बांधावर उभे राहून आपण जे करतो तेच, फक्त त्याचे गोड लागते.

त्याचे घरटे पाहण्याजोगे असते, पण लांबून. वाहत्या पाण्याशेजारच्या ओल्या कपारीत शेवाळ, बारीक मुळ्या आणि चिखल यांची तो वाटी करतो. भोवतीचा खडकही शेवाळलेला, त्यामुळे हातभर अंतरावर असूनही घरटे नजरेला पडत नाही.

आता या शेवाळाविषयी दोन शब्द. विहिरीच्या पाण्यावर साचतो तो बुळबुळीत तवंगही आपल्याकडे शेवाळच, आणि झाडाच्या खोडावरची हिरवी मखमलही शेवाळच. पुस्तके पहिल्याला शैवल आणि दुसरीला शेवाळी म्हणतात. शेवाळीला खरी मुळे नसतात. ती सगळ्या अंगाने पाणी पिते. उन्हाळ्यात वाळून तपकिरी पापुद्रा होते, आणि वळवाचे चार थेंब पडले की घटकाभरात हिरवी. भीमाशंकर आणि आहुप्याच्या रानात, देवरायांत, झाडांच्या फांद्याफांद्यांवर ती चढलेली दिसते. पाऊस उघडला तरी तिच्यातून पाणी ठिबकत राहते, आणि त्या ओलाव्यात किडे वाढतात. त्या किड्यांवर पाखरे जगतात. म्हणून देवाच्या नावाने राखलेले दाट रान पक्ष्यांनाही राखते. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. परंतु त्याच्या सावलीत इतरांचेही भागले.

बाकीची मंडळी कोणती? पावशा तुमच्या ओळखीचाच. 'पेरते व्हा' म्हणून मृगाच्या आधी ओरडतो तो. नवरंग पावसाच्या तोंडाशी विणीला येतो. रानकोंबडा पहाटे आरवतो. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, उंबर पिकले की थव्याने उतरतो. पिवळ्या पायांवरून ओळखावा, कारण पानांत बसला तर तो दिसतच नाही. थंडीत उत्तरेकडून येणारा धोबी धरणाच्या काठी शेपूट हलवीत फिरतो.

शेतकरी बंधूंनो, जो पक्षी आता क्वचितच दिसतो, त्याच्याविषयी मात्र थोडे सविस्तर बोलू. तुमच्या वडिलांना विचारा: ढोर मेले, की आकाशात गिधाडे घिरट्या घालीत आणि तासा-दोन तासांत हाडे उरत. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या उभ्या कड्यांच्या कपारीत घरटे करते. वर्षाला एकच अंडे. भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची शंभरातली सुमारे सत्त्याण्णव गिधाडे नाहीशी झाली. साथ आली असेल, कुणी विष घातले असेल, असे तर्क झाले. कारण सापडले ते २००४ साली. डायक्लोफेनॅक नावाचे औषध सुजेवर आणि दुखण्यावर जनावरांना टोचले जाई. असे जनावर दोन दिवसांत मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. गिधाडे पंगतीने जेवतात, त्यामुळे एका मढ्यावर अनेक बळी. शंभरात एकाहूनही कमी मढी अशी असली तरी एवढा नाश पुरेसा होतो, असे हिशेबाने दाखवून देण्यात आले.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत. म्हणून २०१५ साली माणसांसाठीच्या टोचणीच्या बाटलीवर तीन मिलिलिटरची मर्यादा आली. एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधेही २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली. मग बैल दुखला तर काय करायचे? मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही. गुरांच्या डॉक्टरांना तेवढे नावानिशी विचारा. परस्पर दुकानातून आणून टोचू नका. आणि टोचलेले जनावर मेले, तर उघड्यावर न टाकता पुरा.

आणि गुरुजी, हे तुमच्यासाठी. एक शंभर पानी वही वर्गात टांगा. तारीख, वेळ, जागा, पाऊस की ऊन, किती पक्षी, काय करीत होते, एवढे मुलांनी लिहावे. नाव ठाऊक नसेल तर गावात म्हणतात ते लिहावे. तेही नसेल तर चित्र काढावे. चुकीच्या नावापेक्षा वेडेवाकडे चित्र बरे. हल्ली शहरातून येणारे काहीजण छायाचित्रासाठी मोबाइलवर कस्तुराची शीळ वाजवतात. तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून विणीचे काम टाकून धावत येतो. मुलांना हे करू देऊ नका, आणि पाहुण्यांनाही धीटपणे सांगा.

वहीत आणखी एक रकाना असू द्या. कड्याजवळच्या एका ठरलेल्या जागी मुलांना महिन्यातून एकदा न्या, तासभर आकाश पाहू द्या. एकही गिधाड दिसले नाही, तर पान कोरे सोडू नका. 'गिधाड : शून्य' असे तारखेसह लिहा.