राजापूरची भरपाई आणि सुरतेचा दावा

युद्धातील नुकसान कोणी आणि कसे भरून द्यायचे, हा प्रश्न 1919 नंतर जर्मनीच्या निमित्ताने जगभर गाजला. परंतु सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीने, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या तेथील व्यापारी ठाण्याने, छत्रपती शिवाजी महाराजांपुढे असाच दावा मांडला होता आणि तो मान्य होण्यास तेरा वर्षे लागली.

वादाचे मूळ पन्हाळ्याच्या वेढ्यात होते. 1660 मध्ये कंपनीच्या कोकणातील राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने महाराजांना पन्हाळगडावर वेढणाऱ्या विजापूरच्या सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला व इंग्रजी निशाण लावून गडावर तोफा डागल्या, म्हणून मार्च 1661 मध्ये महाराजांनी राजापूर लुटले आणि वखारीतील इंग्रजांना कैद केले. ते 1663 मध्ये सुटले. सुरतेच्या वरिष्ठांनी या कैद्यांना पत्राने स्पष्टच सुनावले होते की, ते कंपनीचा माल राखताना नव्हे, तर इंग्रजी निशाणाखाली पन्हाळ्यावर गोळे फेकल्यामुळे पकडले गेले आहेत. खासगीत एवढे कबूल करणारी कंपनी महाराजांकडे मात्र निरपराध सावकाराच्या थाटात भरपाई मागत राहिली.

1672 मध्ये स्टीफन उस्टिक आणि 1673 मध्ये थॉमस निकल्स यांच्या वकिलातींतून निर्णय लागला नाही. तरीही बोलणी तुटली नाहीत, कारण कंपनीच्या मुंबईला समोरच्या किनाऱ्यावरील लाकूडफाटा व धान्य हवे होते, तर महाराजांना तोफा हव्या होत्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या आरमारास मुंबई बंदरात आसरा मिळू नये अशी त्यांची अपेक्षा होती. अखेर मे 1674 मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन दुभाषी नारायण शेणवी याच्यासह रायगडाकडे निघाला. 6 जूनच्या राज्याभिषेकास तो हजर होता आणि महाराजांचे अधिकारी निराजी पंत यांच्या मध्यस्थीने त्याच महिन्यात तह झाला.

भरपाई 10,000 होन, म्हणजे दक्षिणेत चालणारी तेवढी सोन्याची नाणी, अशी ठरली. मात्र ती काही अंशी मालाच्या रूपाने आणि काही अंशी राजापूरच्या जकातीतील सुटीने फिटायची होती, त्यामुळे येणे वसूल करायचे तर इंग्रजांना स्वराज्यातच पुन्हा व्यापार मांडणे भाग होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीनेही भरपाईचा काही भाग कोळसा व लाकूड देऊन चुकवला, पण तेथे अटी जेत्यांनी लादल्या होत्या. रायगडावर देणेकऱ्याचेच पारडे जड होते. इंग्रजी नाणे स्वराज्यात चालावे या कलमावर महाराजांचे म्हणणे असे की, नाणे आपल्या मोलाने चालेल, रयतेवर सक्ती होणार नाही. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत मिळावा, ही मागणी किनाऱ्याच्या रिवाजाविरुद्ध होती, आणि इंग्रजांची ती मान्य केली तर फ्रेंच व डचही तेच मागतील, हे महाराजांनी अचूक हेरले होते. सिद्दीशी समेट करण्याचा ऑक्सिंडेनचा आग्रहही त्यांनी मानला नाही.

राजापूरची वखार पुन्हा उघडली, पण ठरलेली रक्कम पुरती वसूल झाली नाही, आणि 1680 मध्ये महाराजांचे निधन झाल्यावरही कंपनीचा तगादा चालूच राहिला.